सोबत कोण आहे

परभणीच्या स्टँडवर पाथरीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून संघप्रिया जरा खुशीत होती, आणि त्याच खिडकीतून तिला माय दिसली. शेजारच्या फलाटाला जिंतूरची गाडी लागली होती. सगळे उतरून पांगल्यावर एक म्हातारी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, एक पाय खाली सोडून जमीन चाचपत होती. पाय टेकला तसा तिनं दुसरा सोडला, पदर नीट केला, पिशवी खांद्याला अडकवली आणि फलाटाच्या कडेकडेनं चालू लागली. अंगावर मोरपंखी लुगडं होतं, धाकट्या भावाच्या, बालाजीच्या लग्नातलं. ती संघप्रियाच्या खिडकीखालूनच गेली, इतक्या जवळून की भांगातली धूळ दिसली. हात बाहेर काढला असता तर डोक्याला लागला असता. संघप्रियानं हाकेसाठी तोंड उघडलं. कंडक्टरची घंटी वाजायची होती, ड्रायव्हर अजून खाली उभा राहून चहा पीत होता, वेळ भरपूर होता. तोंड उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. माय रसवंतीपाशी थांबली, कुणाला तरी काही विचारलं, त्या माणसानं हातानं दिशा दाखवली, आणि ती त्या दिशेला गेली. मग ड्रायव्हर चढला.

गाडी वसमत रस्त्याकडं न जाता मानवतच्या अंगाला वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला हात खिडकीच्या गजावर तसाच आहे. तिनं तो काढून मांडीवर ठेवला. कंडक्टर आला, तिनं महिलांचं अर्धं तिकीट घेतलं, शेजारच्या बाईला सरकायला जागा दिली, आणि मग मनात कारणं एकामागून एक येऊ लागली. पहिला तास आपलाच आहे. माय कुणाच्या तरी लग्नाला आली असेल. आपल्याकडं यायचं असतं तर तिनं फोन केला असता. हाक मारली असती तर ती गोंधळली असती, गर्दीत पडली असती. प्रत्येक कारण खरं होतं आणि प्रत्येक कारण हाक न मारल्यानंतर तयार झालं होतं. ह्याला काय म्हणतात ते ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत आली होती. फ्रॉइडच्या प्रकरणात, संरक्षण यंत्रणांच्या खाली, दमन आणि प्रक्षेपणाच्या नंतर येतं ते समर्थन. मुलांना ती बसचंच उदाहरण द्यायची, गाडी चुकलेला माणूस म्हणतो की बरंच झालं, त्या गाडीत गर्दी होती. मुलं हसायची. आता तिला ते उदाहरण फार हलकं वाटलं. गाडी चुकलेल्या माणसाला निदान गाडी हवी तरी असते.

बाहेर हरभरा काढून झालेली रानं होती आणि मधूनच उसाचा एखादा उभा पट्टा. उसाकडं ती सहसा बघत नसे. लहानपणी, चारठाण्याच्या पुढच्या त्यांच्या गावात, दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. ट्रकमध्ये भांडी, सरपणाच्या मोळ्या, कोंबड्यांची टोपली, आणि सगळ्यांत वर माणसं. बाप आश्रुबा आणि माय सरजाबाई सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. धाकटा बालाजी, मायचा बाळ्या, तेव्हा अंगावर पीत होता, त्याला न्यायचेच. संघप्रियाला थोरल्या काकूकडं, नर्मदाबाईंकडं ठेवायचे, कारण ती शाळेत जात होती. बापाचं त्याबाबतीत कुणाचं ऐकणं नव्हतं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिचं दप्तर टांगायला त्यानं स्वतः खुंटी ठोकली होती. बाकीच्यांची पोरं उसाच्या फडावर जात, शेंड्यांची हिरवी वाढं गोळा करत. आश्रुबाची पोरगी जाणार नाही. हे मोठेपण तिला पुढं कळलं, आणि कळल्यावर त्याच्याविरुद्ध बोलायची सोय राहिली नाही. ट्रक निघायचा तेव्हा माय वरून बघायची. तिच्या कडेवर बालाजी असायचा. काकू मारकुटी नव्हती, जेवायला घालायची, वेणी घालायची. फक्त रात्री अंथरुणात तिच्या स्वतःच्या पोरांच्या अंगावर हात टाकून झोपायची, आणि तेवढा हात संघप्रियापर्यंत पुरायचा नाही.

कॉलेजात पोहोचली तेव्हा तासाची घंटा होऊन गेली होती. वर्गात नेहमीच्या मुली पुढं, मुलं मागं, पंखा एकाच बाजूनं फिरणारा. जूनमध्ये ह्याच मुलांना तिनं वुंटची लाइपझिगमधली प्रयोगशाळा सांगितली होती, मनाचं शास्त्र तिथून मोजायला लागलं म्हणून. मग पावलोव्हचा कुत्रा झाला, तो सगळ्यांना आवडतो. निरर्थक अक्षरं पाठ करून आपलंच विसरणं मोजणारा एबिंगहाऊस झाला, तो कुणाला आवडत नाही. आता बालपणाचं प्रकरण होतं. पुस्तकात ‘अटॅचमेंट’साठी शब्द होता ‘आसक्ती’, आणि तिला तो कधीच पटला नव्हता. आसक्ती म्हटलं की माणूस काहीतरी सोडायला हवं असं बोलतो. तिनं हार्लोची माकडं सांगितली. जन्मल्याबरोबर आईपासून काढलेली पिल्लं, पिंजऱ्यात दोन खोट्या आया, एक तारेची, दुधाची बाटली असलेली, दुसरी मऊ कापडाची, काहीच न देणारी. पिल्लू दूध तारेच्या आईकडं पिई आणि लगेच कापडाच्या आईला जाऊन बिलगे. पुढच्या बाकावरून निकितानं हात वर केला. ती मानवत रोडहून येणारी, फारसं न बोलणारी मुलगी होती.

“मॅडम, मंग नंतर त्या पिल्लाला खरी माय वापस दिली का?”

मागं कुणीतरी हसलं. संघप्रियाला आठवेना की इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं होतं. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

“नाही,” ती म्हणाली. “तसं काही त्यात नाही.”

“पर दिली आसती तर गेलं आसतं का ते तिच्याकडं?”

“बस खाली. पुढं बघू.”

पुढं एन्सवर्थबाईंचा प्रयोग होता. एक खोली, खेळणी, आई आणि वर्षाभराचं मूल. आई उठून बाहेर जाते. थोड्या वेळानं परत येते. संशोधक एका काचेमागून बघतात, त्यांना आतलं दिसतं, आतल्यांना ते दिसत नाहीत. संघप्रिया फळ्याकडं तोंड करून बोलत होती. मूल आई गेल्यावर किती रडलं ह्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते आई परत आल्यावर काय करतं. काही मुलं धावत जातात. काही रडत जातात आणि उचललं की लाथा मारतात. आणि काही मुलं बघतच नाहीत. खेळत राहतात. पाहणाऱ्याला वाटतं किती शहाणं, किती स्वतंत्र मूल आहे. नंतरच्या संशोधकांनी अशा मुलांच्या छातीला यंत्रं लावून बघितलं, तर वरून शांत दिसणाऱ्या त्या मुलांचं काळीज जोरात धडधडत होतं. खडू तुटला. तिनं वाकून तो उचलला नाही. तिला काकूची ओसरी दिसत होती, आणि ओसरीवर मांडलेले सागरगोटे. दारात माय उभी. उसाच्या पाचटानं हातभर ओरखडे, चेहरा काळा पडलेला, कडेवर बालाजी झोपलेला. काकू म्हणतेय, अगं बघ तर कोण आलंय. तिनं एक सागरगोटा वर फेकला, खालचे गोळा केले, वरचा झेलला. परत फेकला. माय म्हणाली, खेळू द्या तिला. हे एकदा घडलं असतं तर विसरता आलं असतं. दरवर्षी घडलं, आणि दरवर्षी ती त्या खेळात जास्त पटाईत होत गेली. पुढं दहावीनंतर परभणीच्या वसतिगृहात गेली तेव्हा जाणारी ती होती आणि मागं राहणारी माय. गाडी हलेपर्यंत माय खिडकीचा गज धरून उभी होती. संघप्रियानं तेव्हा पुस्तक उघडलं होतं.

तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या मागच्या जिन्यात गेली आणि बालाजीला फोन लावला. तो चाकणला एका कंपनीत होता, यंत्रांचा आवाज मागून येत होता.

“माय परभणीला आलीय का रे?”

“आलीय की. सकाळच्याच गाडीनं. तुला म्हाईत न्हाई?”

“काय?”

“आगं, ऑपरेशन हाय तिचं आज. मोतीबिंदूचं. स्टेशनाकडं ट्रस्टचा डोळ्याचा दवाखाना हाय न्हाई का, तितं. गल्लीतल्या कस्तुराबाई जानार होत्या संगं, पर त्यांच्या नातीला ताप आला. मी म्हनलं ताईला सांग. तर म्हनली, तिचं कालेज आसतंय.”

“तू का नाही केलास फोन?”

“मला वाटलं तिनं केला आसंल.” यंत्र थांबलं, त्याचा आवाज एकदम जवळ आला. “धा वेळा आलीय ती परभनीला, डोळं दाखवायला. तुझ्याकडं येत न्हाई व्हय? ताई, तुमचं दोघीचं मला कळत न्हाई बघ.”

विभागप्रमुख बन्सीधर सर उत्तरपत्रिका तपासत होते. तिनं आईचं ऑपरेशन आहे, अर्धी रजा हवी असं सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, “अहो मॅडम, मग तुम्ही आलातच कशाला सकाळी?” त्यांना उत्तर नको होतं, ते काळजीनं बोलले होते. तिनं अर्ज टेबलावर ठेवला आणि निघाली.

एसटीला वेळ होता म्हणून ती जीपमध्ये बसली. ड्रायव्हरच्या मागं, कापसाचं बी नेणारा माणूस आणि पाथरीच्या साई मंदिरातून परतणारं कुठलं तरी कुटुंब ह्यांच्या मध्ये. त्या कुटुंबातली आजी नातवाला केळ सोलून देत होती आणि मग उगाच तिनं संघप्रियालाही एक दिलं. तिनं ते घेतलं आणि खायचं सुचलं नाही, परभणी येईपर्यंत हातात धरून बसली. धा वेळा. म्हणजे धा वेळा माय ह्या शहरात उतरली, रस्ता विचारत गेली, आणि संध्याकाळच्या जिंतूर गाडीनं परत. त्यातल्या काही दिवशी ती स्वतः शहरात असेल, रविवारी दुपारी वर्तमानपत्र वाचत, फरशी पुसत, टीव्ही लावून आवाज बंद करून बसलेली. एकटं राहायचं तिला कधी ओझं वाटलं नव्हतं. लग्न राहून गेलं, मग लोकांनी विचारायचंही सोडलं. तिला तिची खोली आवडायची, दोन खुर्च्या, एक टेबल, एक पलंग. दुसऱ्या खुर्चीवर कपडे असत. आता, जीपमध्ये, तिला वाटलं की त्या दुसऱ्या खुर्चीवर धा वेळा कुणीतरी येऊन बसू शकलं असतं आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं.

दवाखान्यात मोठा व्हरांडा होता. भिंतीला लागून बाकांवर म्हातारी माणसं ओळीनं बसली होती, डोक्याला हिरव्या टोप्या, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा. एक सिस्टर ओळीनं थेंब घालत पुढं जात होती आणि माना एकामागून एक वर होत होत्या. माय शेवटच्या बाकावर होती. शेजारी जागा होती. संघप्रिया जाऊन बसली. आता म्हणावं, माय, मी आलेय. पण मायनं चाहूल लागून तोंड वळवलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीच झालं नाही. बाहुल्या थेंबांनी मोठ्या, काळ्याभोर झाल्या होत्या आणि त्या संघप्रियाच्या चेहऱ्यावरून पुढं निघून गेल्या.

“पेशंट हाव का तुमी, का कोनासंगं आलाव?”

“संगं आलेय,” संघप्रिया म्हणाली.

ते तिच्या तोंडून तसंच आलं, गावाकडचं. वसतिगृहात गेल्यापासून ती मायशीसुद्धा पुस्तकासारखं बोलायची, आलेय ऐवजी आले आहे, काय गं ऐवजी काय झालं. सुरुवातीला मायला हसू यायचं, मग सवय झाली. व्हरांड्यात गलका होता, मायचे कान हल्ली जरा मंदच होते, आणि ही भाषा बोलणारी लेक तिला गेल्या तीस वर्षांत भेटली नव्हती. तिनं ओळखलं नाही.

“बरं हाय,” माय म्हणाली. “कोनी तरी संगं पायजे. मला भ्या न्हाई वाटत तसं. पर त्या थेंबानं समदं धुकट दिसायलंय.”

आता सांगायला हवं होतं. संघप्रियाला ते पूर्ण समजत होतं. ती म्हणाली, “तुमच्यासंगं कोन न्हाई?”

“लेक हाय की माझी हितंच. परभनीत ऱ्हाती. पाथरीला प्रोफेसर हाय. मानसाच्या मनाचं शिकिवती पोरायला.”

“मंग?”

“सांगितलंच न्हाई तिला.”

“का वं?”

मायनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “तिच्याकडं गेलं ना, का ती लय चांगलं करती. चादर बदलती. पान्याचा गिलास हातात आनून देती. काय पायजे का, काय पायजे का. सोयऱ्याधायऱ्याचं करतेत तसं. मग मीच दोन दिसात निघते. तिला बी मोकळं वाटतं, मला बी.”

सिस्टर जवळ येत चालली होती. पलीकडच्या बाकावर एक म्हातारा खोकत होता. संघप्रियाच्या हातात ते केळ अजून होतं.

“आमी ऊसतोडीला जायचो,” माय आपोआपच बोलू लागली, जसं गाडीत शेजारच्या बाईशी बोलतात. “तिला जाऊबाईकडं ठिवायचे, साळा बुडू नाही म्हनून. वापस यायचो ना, तर गावाच्या अलीकडं एक हीर हाय, तितं बसून ऱ्हायचे मी. आमचे मालक म्हनायचे, चल की, लेकरू वाट बघत आसंल. माझा पाय उचलायचा न्हाई.”

“का?”

“भ्या वाटायचं.”

“वळखनार न्हाई म्हनून?”

“वळखायची की,” माय म्हणाली. “वळखून बघायची न्हाई.”

संघप्रियाला काहीतरी बोलायचं होतं, कुठल्याही भाषेत. बघत होते, म्हणायचं होतं. सागरगोटा वर गेला की त्याच्याबरोबर नजर वर जायची आणि तेवढ्यात तुझे पाय दिसायचे, तुझ्या पायातली चप्पल वेगळी असायची दरवर्षी. छातीत असं व्हायचं की गोटे हातातून सांडतील. पण हे सगळं सांगायला ती कोण होती ह्या बाकावर? कुणाच्या तरी संगं आलेली एक बाई.

“सरजाबाई आश्रुबा!” सिस्टरनं हाक दिली. “सोबत कोण आहे?”

“कोनी न्हाई, बाई. एकलीच हाय मी.”

“सोबत माणूस लागतं हो आजी, तुम्हाला सांगितलं होतं ना.”

“मी आहे,” संघप्रिया उभी राहिली. “मी त्यांची मुलगी.”

मायची मान एकदम वळली. पदर आधीच डोक्यावर होता, तरी तिनं तो पुढं ओढला. मोठ्या झालेल्या त्या बाहुल्या धुक्यात आवाजाची जागा शोधत राहिल्या.

“कवा आलीस?”

“आत्ताच.”

“आत्ताच न्हाई.” तिला सगळं जुळवायला थोडाच वेळ लागला. ओठ बारीक झाले. मायला रागावलेलं संघप्रियानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहुण्यांवर कुणी रागावत नाही. “माझ्याच तोंडातून काढून घेतलंस. परक्या बाईवानी. आसंच शिकवितेत व्हय गं तुमच्या कालेजात?”

“माय, मी सांगणारच होते...”

“राहू दे.”

संघप्रियानं हात पुढं केला. मायनं तो धरला नाही. ती सिस्टरचा हात धरून, पायानं फरशी चाचपत आत गेली, आणि दार आपोआप मिटलं. दाराला वर एक चौकोनी काच होती. त्यातून आतला हिरवा पडदा तेवढा दिसत होता. संघप्रिया काचेपासून मागं सरकली. आयुष्यभर आपण काचेच्या ह्याच बाजूला उभ्या आहोत असं तिला वाटलं, आणि हे वाटणंसुद्धा किती नीटनेटकं, वर्गात सांगता येईल असं आहे, म्हणून तिला स्वतःची किळस आली. तिनं केळ सोललं आणि उभ्यानंच खाल्लं. भूक लागलेली होती, एवढंच खरं होतं.

मायला बाहेर आणलं ते डोळ्यावर पट्टी बांधून. त्या रात्री दवाखान्यातल्या खाटेवर ती फक्त कामापुरतं बोलली, पाणी, मोरी, पांघरूण. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि विचारलं, आजी, दिसतंय का? मायनं आधी खिडकी पाहिली, मग डॉक्टरांच्या खिशातला पेन, मग शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. संघप्रियाला खाली बघावंसं वाटलं, ती बघत राहिली.

“केस पांढरे झाले की गं तुझे,” माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि थोडी भीती.

थेंब घालायचे म्हणून आठवडाभर माय तिच्याकडं राहिली. संघप्रियानं रजा टाकली. तिनं ठरवून चादर बदलली नाही, पाण्याचा पेला हातात दिला नाही, आणि मग दिवसभर तिला वाटत राहिलं की मायला तहान लागली असेल. एकदा तिनं गावच्या बोलीत बोलून बघितलं. “भाकरीसंगं काय करू वं?” असं म्हणाली. मायनं काळ्या चष्म्याआडून तिच्याकडं पाहिलं आणि हसली. “तू आपलं तुझंच बोल. तसलं दवाखान्यात आयकलंय मी.” दोघी हसल्या, संघप्रिया जरा जास्तच. दुपारी माय बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघायची. कुणाची गाडी, कुणाचं लेकरू, कुठलं झाड, सगळं तिला नव्यानं दिसत होतं आणि ती मोठ्यानं सांगत होती, पण कुणाला असं नाही. विहिरीची गोष्ट तिनं परत काढली नाही. संघप्रियानं एकदा सुरुवात केली, “माय, त्या दिवशी बाकावर...” तेव्हा ती म्हणाली, “गेलं ते,” आणि चष्मा काढून थेंबासाठी मान वर केली. थेंब घालताना संघप्रिया तिच्या चेहऱ्याच्या इतकी जवळ यायची की मायचा श्वास गालाला लागायचा. थेंब पडला की माय डोळा मिटायची, आणि तेवढा वेळ दोघींना काही बोलावं लागायचं नाही.

डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. जायच्या आदल्या दिवशी माय सारखी डोकं खाजवत होती. “उवा झाल्यावानी व्हायलंय,” ती म्हणाली. ऊन उतरलं होतं, बाल्कनीत भिंतीची सावली पडली होती. संघप्रियानं वाटीत कोमट पाणी घेतलं, एक पंचा भिजवून पिळला, आणि खुर्चीवर बसून मायला दोन गुडघ्यांमध्ये खाली बसवलं. मायचं डोकं तिनं कधी हातात घेतलं नव्हतं. ते अपेक्षेपेक्षा लहान होतं. केस विरळ, मध्ये कवटीची उष्ण, गुलाबी कातडी, आणि डाव्या कानामागं एक जुना व्रण. हा कशाचा ते तिला माहीत नव्हतं. पंचा हलक्या हातानं फिरवला. मग फणीनं एकेक बट सोडवत केस विंचरू लागली. मायचे खांदे सैल झाले. मान आधी ताठ होती, ती हळूहळू एका बाजूला कलली आणि गाल संघप्रियाच्या मांडीवर टेकला. चष्मा घसरला तो तिनं अलगद काढून बाजूला ठेवला. खाली कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती. मायचा श्वास जड झाला. संघप्रियाचा पाय बधिर व्हायला लागला होता, तिनं तो हलवला नाही. असं कुणाचं वजन अंगावर घेऊन बसायची तिला सवय नव्हती, आणि ते उठू नये असं वाटण्याचीही. एक गुंता बसला होता. फणी अडकली, केस ओढले गेले.

“बाळ्या,” माय झोपेत म्हणाली, अगदी मऊ आवाजात, जो संघप्रियानं कधी ऐकला नव्हता. “हळू रं लेकरा.”

फणी थांबली. खालची मोटारसायकल चालू होऊन निघून गेली, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला आणि मग गेला.

“हं,” संघप्रिया म्हणाली. तिनं गुंता दोन बोटांत धरला, म्हणजे मुळाला ओढ लागू नये, आणि टोकाकडून सोडवायला लागली.